लसीचा स्लॉट, टोकन आणि प्रमाणपत्र: केंद्रावरून हात हलवत परत येऊ नये म्हणून

आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या शेजारच्या काकू २०२१ च्या ३१ ऑगस्टला पहाटे पाच वाजता कोरोनाच्या लसीच्या रांगेत उभ्या राहिल्या. नववा नंबर, टोकन हातात, साडेअकराला टेबलापाशी पोहोचल्या आणि तिथून परत. लस संपली नव्हती. पहिला डोस १० जूनचा, म्हणजे कोव्हिशिल्डच्या दोन डोसांमध्ये लागणारे ८४ दिवस भरणार होते २ सप्टेंबरला. "जून, जुलै, ऑगस्ट, झाले की तीन महिने," हा काकूंचा हिशोब होता. संगणक मात्र दिवस मोजतो. त्याच रांगेतून एक काका ओटीपीसाठी माघारी गेले, कारण नोंदणी पुण्यातल्या मुलाच्या मोबाइलवर आणि मुलगा मीटिंगमध्ये. एका मुलीने दुसऱ्या डोससाठी नव्या नंबरवरून नव्याने नोंदणी केली होती, तिचं प्रकरण तर अजून मिटलेलं नाही.

जूनपासून मी आमच्या सोसायटीतल्या आणि ओळखीतल्या लोकांच्या नोंदण्या करून देतोय. लस कमी येते यावर तुमचा-माझा इलाज नाही. पण माझ्या पाहण्यात परत आलेल्यांपैकी निम्मे तरी लस असताना परत आले, आणि त्यांच्या चुका आदल्या दिवशी घरी बसून दुरुस्त होण्यासारख्या होत्या. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो. इथले सगळे नियम, दर आणि सोयी सप्टेंबर २०२१ च्या पहिल्या आठवड्यातल्या आहेत, त्यातलं पुष्कळ आता लागू नाही.

## आधी दार ठरवा

लस मिळण्याची दारं तेव्हा तीन होती. कोविन या लसनोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर स्लॉट, म्हणजे केंद्र आणि तारीख-वेळ, बुक करून जाणे, सरकारी किंवा महापालिकेच्या केंद्रावर थेट जाऊन टोकन घेणे, आणि खासगी रुग्णालयात पैसे भरून घेणे. लोक घोळ करतात तो इथेच. स्लॉट बुक केलेला माणूस टोकनच्या रांगेत तीन तास उभा राहतो आणि टोकनवाला ऑनलाइन बुकिंगची स्लिप विचारणाऱ्या खिडकीवर भांडतो.

सरकारी केंद्रात २०२१ मध्ये लस फुकट होती, ऑनलाइन बुक केली तरी आणि थेट गेलात तरी. खासगीत तेव्हा कोव्हिशिल्ड जास्तीत जास्त ७८० रुपये, कोव्हॅक्सिन १४१० आणि स्पुटनिक ११४५ ला होती. या दरात कर आणि रुग्णालयाचा १५० रुपयांपर्यंतचा सेवाखर्च धरलेला होता. वर कोणी "नोंदणी फी" मागितली तर पावती मागा, बहुतेक वेळा फी तिथल्या तिथे गायब होते.

परवडत असेल आणि घाई असेल तर खासगीत जा, त्यात कमीपणा नाही. तेवढीच सरकारी रांग एका माणसाने कमी होते.

## टप्पा १: ओळखपत्र आणि मोबाइल

कोणतं ओळखपत्र? आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा फोटो असलेलं पेन्शनचं पासबुक चालतं. महत्त्वाची गोष्ट एकच: नोंदणीत जे टाकाल तेच केंद्रावर न्यायचं. नोंदणी पॅनवर आणि खिशात आधार, असं करू नका.

नाव ओळखपत्रावर जसं आहे तसंच टाका, स्पेलिंगसकट. आपल्याकडे याचा फार गोंधळ होतो. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी. कुठे वडिलांचं पूर्ण नाव, कुठे नुसतं आद्याक्षर. ज्यांना शिक्षण किंवा नोकरीसाठी परदेशी जायचं आहे त्यांनी पासपोर्टवरचं नाव धरून चालावं, कारण प्रमाणपत्राला पुढे पासपोर्टचा नंबर जोडावा लागतो आणि विमानतळावर दोन्ही नावं शेजारी ठेवून बघतात.

कोणता मोबाइल? जो माणूस तुमच्यासोबत केंद्रावर येणार आहे त्याचा. तुमचा स्वतःचा असेल तर उत्तमच. एका नंबरवर तेव्हा चार जणांची नोंदणी व्हायची, त्यामुळे घरातल्या चौघांना एक नंबर पुरायचा. पाचव्या माणसासाठी शेजाऱ्याचा नंबर देऊ नका, घरातलाच दुसरा द्या. आणि रिचार्ज संपत आलेलं, आज-उद्या बंद होईल असं सिमकार्ड तर नकोच. दुसरा डोस तीन महिन्यांनी आहे, तोवर तो नंबर जिवंत लागतो.

थांबा: सामान्य नागरिकांसाठी कोविनचं वेगळं ॲप नाही. कोविनचं संकेतस्थळ, आरोग्य सेतू आणि उमंग ही सरकारी ॲप, एवढेच मार्ग. "लस नोंदणीसाठी हे ॲप डाउनलोड करा" असा मेसेज लिंकसकट आला तर उघडू नका आणि पुढेही ढकलू नका. मे महिन्यात अशा लिंकांमधून लोकांच्या मोबाइलमध्ये नको ते शिरलं आहे.

## टप्पा २: नोंदणी, एकदाच

कोविनवर मोबाइल नंबर टाका, ओटीपी येईल, तो तीन मिनिटांत भरा. ओटीपी येत नाही म्हणून धडाधड पुन्हा मागू नका. तीन ओटीपी एकदम येतात आणि आपण नेमका पहिला टाकतो. एकदा मागा, तीन मिनिटं थांबा, मग दुसरा मागा. जूनपासून संकेतस्थळ मराठीतही दिसतं, वर भाषा निवडायची सोय आहे.

आत गेल्यावर ओळखपत्राचा प्रकार, त्याचा नंबर, नाव, लिंग आणि जन्मवर्ष भरायचं. तारीख-महिना विचारत नाहीत, नुसतं वर्ष. आजी-आजोबांच्या बाबतीत वर्ष "साधारण ५० सालचा जन्म" असं सांगून भरू नका, कार्डावर जे छापलं आहे तेच. नोंदणी झाली की नावाखाली एक लांबलचक रेफरन्स नंबर दिसतो. तो वहीत लिहून ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. पुढे मोबाइल हरवला, नंबर बंद पडला, तर तुमची नोंद शोधायला हाच धागा.

नोंदणी झाली म्हणजे लस बुक झाली, असं समजणारे अजून भेटतात. नोंदणी म्हणजे फक्त तुमचं नाव यंत्रात गेलं. तारीख, वेळ आणि केंद्र अजून ठरायचं आहे.

आता सगळ्यात मोठी चूक. दुसऱ्या डोससाठी पुन्हा नोंदणी करायची नाही. पहिल्या डोसला जो नंबर होता त्याच नंबराने आत जायचं, तिथे तुमच्या नावासमोर पहिला डोस झाल्याचं दिसेल आणि दुसऱ्याचं बुकिंग तिथूनच होईल. वेगळ्या नंबरवरून, वेगळं ओळखपत्र टाकून नवी नोंदणी केलीत तर यंत्राच्या दृष्टीने तुम्ही नवा माणूस. मग दोन डोस दंडात आणि हातात पहिल्या डोसची दोन प्रमाणपत्रं. वर सांगितलेल्या मुलीचं हेच झालंय. सुरुवातीची पंधरा मिनिटं वाचवायला तिने नवा नंबर टाकला, आता पंधरा दिवस ती हेल्पलाइनला फोन करतेय.

## टप्पा ३: तारीख बोटांवर नाही, कॅलेंडरवर मोजा

सप्टेंबर २०२१ च्या नियमाने कोव्हिशिल्डमध्ये ८४ दिवसांनंतर दुसरा डोस, साधारण बारा ते सोळा आठवड्यांत. कोव्हॅक्सिनमध्ये २८ दिवसांनंतर, चार ते सहा आठवड्यांत. कोव्हिशिल्डचं अंतर १३ मे रोजी वाढलं, त्यामुळे एप्रिलमध्ये पहिला डोस घेतलेल्यांच्या स्लिपवर जुनी तारीख असू शकते. ती धरू नका.

मोजायची सोपी युक्ती: ८४ दिवस म्हणजे बरोबर बारा आठवडे. पहिला डोस गुरुवारी घेतला असेल तर ८४ वा दिवसही गुरुवारीच येतो. कालनिर्णय समोर घ्या, पहिल्या डोसच्या तारखेपासून त्याच वाराची पुढची बारा घरं मोजा. काढलेली तारीख दुसऱ्याच वाराला पडली तर मोजणी चुकली. कोव्हॅक्सिनसाठी चार घरं. १० जूनचा गुरुवार, २ सप्टेंबरचाही गुरुवार. काकू गेल्या मंगळवारी.

दुसरा डोस त्याच लसीचा. पहिला कोव्हिशिल्ड आणि दुसरा कोव्हॅक्सिन, असं केंद्रावर देणार नाहीत, कितीही ओळख असली तरी. शिक्षण किंवा नोकरीसाठी परदेशी निघालेल्यांना २८ दिवसांनंतर कोव्हिशिल्ड देण्याची सवलत जूनमध्ये आली होती, ती ३१ ऑगस्टपर्यंत प्रवास करणाऱ्यांसाठी होती. तिचा दाखला देऊन आता वाद घालू नका.

कोरोना होऊन गेला असेल तर बरे झाल्यापासून तीन महिने थांबायचं, असा तेव्हाचा नियम होता. पहिल्या डोसनंतर झाला असेल तरी तेच. गरोदर बायकांना २ जुलै २०२१ पासून लस घेता येऊ लागली, अंगावर पाजणाऱ्या आयांना त्याच्याही आधीपासून. पाळीच्या दिवसांत लस घेऊ नये ही अफवा आहे.

## टप्पा ४: स्लॉट शोधताना

इथे लोक सगळ्यात जास्त चिडतात, आणि चिडण्यासारखंच आहे. दिवसभर बघितलं तरी सगळी घरं लाल. केंद्राला साठा मिळाला की त्या दिवसाचं सत्र पोर्टलवर चढवलं जातं, म्हणून स्लॉट उघडण्याची ठरलेली वेळ नाही. माझा अनुभव संध्याकाळी सहा ते नऊचा, पण दुपारी दोनलाही मिळालेत. "अमुक वाजता हमखास" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मी सांगितलं तरी.

पिनकोड की जिल्हा? दोन्ही वापरा, पण समजून. पिनकोड टाकलात तर फक्त त्या पिनकोडमधली केंद्रं दिसतात. ४२२००१ टाकून बसलेल्याला पंचवटीतलं, म्हणजे ४२२००३ मधलं, रिकामं केंद्र दिसत नाही, जरी ते घरापासून दहा मिनिटांवर असलं. नाशिकरोडचा ४२२१०१ वेगळा. म्हणून आधी राज्य महाराष्ट्र, जिल्हा नाशिक असं शोधा आणि मग नावं चाळा.

पण जिल्हा म्हटलं की पंधराही तालुके एका यादीत येतात. सुरगाण्यापासून येवल्यापर्यंत. हिरवं घर दिसलं की लोक बोट दाबतात आणि स्लिप आल्यावर कळतं की केंद्र मालेगावला आहे, शंभर किलोमीटर. नावावर जाऊ नका, केंद्राच्या नावाखालचा पत्ता आणि पिनकोड वाचा. ४२३ ने सुरू होणारा पिनकोड दिसला तर तो मालेगाव, मनमाड, येवल्याकडचा समजा. पिंपळगाव नावाची गावं जिल्ह्यात कितीतरी. देवळाली गाव आणि देवळाली कॅम्प ही दोन ठिकाणं आहेत, रिक्षावाल्यालाही विचारून घ्यावं लागतं.

आकडा कोणाचा? घरात आकडा दिसला की तो तुमच्यासाठीच आहे असं नाही. पहिल्या आणि दुसऱ्या डोसचे आकडे वेगळे दाखवतात. वर ६० लिहिलेलं असतं, आणि ते साठही दुसऱ्या डोसचे असतात. पहिला डोस हवा असलेला माणूस तासभर त्यावर बोट आपटतो आणि साइटला शिव्या देतो. त्याचप्रमाणे वयोगट, लसीचं नाव, फुकट की पैसे, हे गाळणीचे पर्याय आधी लावून घ्या. कोव्हॅक्सिनचा दुसरा डोस हवा असेल तर फक्त कोव्हॅक्सिन निवडा, बाकीची गर्दी नजरेसमोरून जाते.

टेलिग्रामचे अलर्ट. उपयोगी आहेत, पण उशिरा येतात. बाहेरच्या सेवांना कोविनकडून मिळणारी माहिती अर्ध्या तासापर्यंत शिळी असू शकते, मे महिन्यातच तसा नियम झाला. म्हणून अलर्ट वाजल्यावर धावलात आणि स्लॉट नाही, यात फसवणूक कोणाची नाही. अलर्टवरून एवढंच शिकायचं की कोणतं केंद्र कोणत्या सुमाराला सत्र टाकतं. तीन-चार दिवस वेळा लिहून ठेवा, मग त्या वेळेच्या पाचेक मिनिटं आधी स्वतः आत जाऊन बसा.

२४ ऑगस्ट २०२१ पासून व्हॉट्सॲपवरूनही बुकिंग होऊ लागलं. ९०१३१५१५१५ हा नंबर सेव्ह करून त्यावर इंग्रजीत 'बुक स्लॉट' लिहून पाठवायचं, पुढचे प्रश्न तो विचारायचा. ज्यांना संकेतस्थळ जमत नाही त्यांच्यासाठी हा मार्ग मला बरा वाटला. नोंदणी मात्र त्याच व्हॉट्सॲप नंबरची हवी.

एक बाजूची गोष्ट. शहरात मिळत नाही म्हणून मे महिन्यात आपल्यातले पुष्कळ जण गाड्या काढून त्र्यंबक, दिंडोरी, इगतपुरीच्या आरोग्य केंद्रांवर गेले. नियमात ते बसतं, कोणीही कुठेही घेऊ शकतो. पण ज्या गावात टॉवरची एक काडी येते तिथल्या माणसाला आपल्याशी बोटांची शर्यत लावता येत नाही, आणि दारातल्या केंद्रात शहरातली गाडी उभी राहिल्यावर त्याला राग येणारच. आता शहरात पुरवठा वाढलाय. गावच्या केंद्रावर जायचंच असेल तर तिथे आपलं काही काम, शेती, नातं असेल तेव्हा जा.

## टप्पा ५: बुक करणे

क्रम असा ठेवा. आधी लॉग इन. मग ज्यांचं बुकिंग करायचं त्या नावांवर खूण. मग शोध. मग वेळ. मग कॅप्चा, म्हणजे चित्रातली वेडीवाकडी अक्षरं टाइप करणं. मग खात्री. लोक उलटं करतात: बाहेरच्या पानावर स्लॉट शोधतात, दिसला की लॉग इन करायला धावतात, ओटीपी येईपर्यंत स्लॉट उडालेला असतो.

लॉग इन करून बसलात तरी साधारण पंधरा मिनिटांनी पोर्टल बाहेर काढतं. ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधीपासून आत बसून उपयोग नाही, पाचेक मिनिटं आधी नव्याने आत जा. आणि दर सेकंदाला शोधाचं बटण दाबू नका. फार वेळा शोधलंत तर यंत्र तुम्हाला बॉट, म्हणजे आपोआप बटणं दाबणारा प्रोग्राम, समजून हाकलतं.

चौघांचं एकदम बुक करायला जाऊ नका. चौघांवर खूण आणि उरलेत तीन, तर तिघांचंही होत नाही. टंचाईच्या दिवशी दोघा-दोघांचं करा. आधी आजी-आजोबा, मग तुम्ही.

कॅप्चामधली लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी टाइप करा. मोबाइलचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो, ती सेटिंग आधीच बंद करा. मी स्वतः याच कारणाने दोन स्लॉट घालवले आहेत, आणि दोन्ही सासूबाईंचे होते.

तपासा: बुकिंग झाल्यावर स्लिप उतरवून घ्या आणि मोठ्याने वाचा. नाव, केंद्र, पत्ता, तारीख, वेळ, लसीचं नाव, कितवा डोस. चूक सापडली तर त्याच पानावरून तारीख बदलता येते किंवा रद्द करता येतं. जाणार नसाल तर रद्द कराच. रद्द झालेला एक-एक स्लॉट पुन्हा यादीत येतो आणि तो कोणाला तरी सापडतो. रात्री उशिरा मला मिळालेले एकटे-दुकटे स्लॉट सगळे असेच.

## टप्पा ६: स्लॉट नाही, थेट जायचं असेल तर

उद्या कोणत्या केंद्रावर कोणती लस आणि किती डोस, याची यादी आदल्या दिवशी रात्री व्हॉट्सॲपवर फिरते. तीवर आधी तारीख बघा. मागच्या सोमवारची यादी या सोमवारी फिरताना मी पाहिली आहे. मग लसीचं नाव बघा, मग पहिला-दुसरा डोस. या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच अलार्म लावा.

रांगेत उभं राहण्याआधी पुढच्या माणसाला विचारा, "ही रांग टोकनची की ऑनलाइनची?" पाटी लावलेली असतेच असं नाही. टोकन मिळाल्यावर त्यावर लसीचं नाव नसेल तर देणाऱ्याला विचारून घ्या.

दहाव्या माणसासाठी का थांबवतात, असा राग लोकांना येतो. कोव्हिशिल्डच्या एका बाटलीत दहा डोस असतात आणि ती उघडली की चार तासांत संपवावी लागते. दुपारी चार वाजता तीनच माणसं उरली तर नर्स नवी बाटली फोडायला कचरते, कारण सात डोस वाया जातील. त्यामुळे उशिरा जाणार असाल तर घरातली, शेजारची पात्र माणसं सोबत न्या. आम्ही एकदा सोसायटीतून सात जण गेलो होतो, बाटली लगेच उघडली.

थांबा: टोकन विकत घेऊ नका. सरकारी केंद्रावर टोकनला पैसे नाहीत, पन्नास रुपयेही नाहीत.

## टप्पा ७: केंद्रावर

सोबत काय न्यायचं: नोंदणीतलं ओळखपत्र मूळ, स्लिप, ज्यावर नोंदणी आहे तो मोबाइल चार्ज केलेला, दुसरा डोस असेल तर पहिल्याचं प्रमाणपत्र, पाण्याची बाटली. खाऊन जा. बीपी-शुगरची रोजची गोळी चुकवू नका. बायकांनी घट्ट बाह्यांचं ब्लाउज टाळावं, पुरुषांनी फुल शर्ट. एवढ्या साध्या गोष्टीवरून आत पाच-पाच मिनिटं जातात.

ऑनलाइन बुक केलेल्यांच्या स्लिपवर चार अंकी सुरक्षा कोड असतो. तो रांगेत, रिक्षात, फोनवर कोणालाही सांगायचा नाही. आत टेबलावर लस देण्याआधी विचारतात तेव्हाच सांगायचा. हा कोड ८ मेपासून आला, कारण काही लोक बुक करूनही गेले नव्हते आणि तरी त्यांना "लस दिली" असा मेसेज आला. कोड नोंदवल्याशिवाय नोंद पुढे जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू. लस न घेता परत यायची वेळ आली तर कोड सांगून बसू नका.

टेबलावरून उठण्याआधी ऑपरेटरला दोन गोष्टी वाचून दाखवायला सांगा: मोबाइल नंबर आणि कितवा डोस नोंदवला. ओशाळू नका, मागच्याने सुस्कारा टाकला तरी विचारा. माझ्या आईचा पहिला डोस १२ एप्रिलला झाला, थेट जाऊन. ऑपरेटर दिवसभर टाइप करून दमलेला, नंबरातला एक आकडा चुकला. आम्हाला मेसेज आला नाही, "येईल उशिरा" म्हणून आम्ही गप्प बसलो. ५ जुलैला ८४ दिवस भरले तेव्हा आईची नोंद कोणत्या तरी तिसऱ्याच माणसाच्या मोबाइलवर. तिथे मिळालेली कागदाची चिठ्ठी आईने जपून ठेवली होती, तीवर तारीख आणि केंद्र होतं, म्हणून त्याच केंद्रावर जाऊन त्या दिवसाच्या यादीतून नाव काढता आलं. चिठ्ठी नसती तर काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

लस घेतल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. गरगरलं, खाज सुटली, श्वास लागला तर लगेच सांगा. घरी ताप, अंगदुखी एक-दोन दिवस होते, पॅरासिटामॉल चालते. आधीच खबरदारी म्हणून गोळी घेऊन जाऊ नका.

## टप्पा ८: प्रमाणपत्र

मेसेज त्याच दिवशी आला पाहिजे. दोन दिवसांत आला नाही तर गप्प बसू नका, वरचा अनुभव आहेच. आधी त्याच नंबराने कोविनवर जाऊन बघा, पुष्कळदा मेसेज न येताही नोंद झालेली असते. नोंदच नसेल तर ओळखपत्र घेऊन त्याच केंद्रावर जा, दुसऱ्या नाही. जितक्या लवकर जाल तितकी त्या दिवसाची यादी हाताशी सापडते. तांत्रिक अडचणीसाठी कोविनची हेल्पलाइन ०१२०-४४७३२२२ आणि सर्वसाधारण हेल्पलाइन १०७५. सकाळी लवकर करा, दुपारी लागत नाही.

प्रमाणपत्र कोविनवरून उतरवता येतं, किंवा वरच्याच व्हॉट्सॲप नंबरवरूनही मागवता येतं. उतरवलं की लगेच नाव, जन्मवर्ष आणि लिंग तपासा. चूक असेल तर कोविनमध्ये 'रेझ ॲन इश्यू' या बटणाखाली दुरुस्ती होते, पण ही संधी एकदाच. म्हणून घाईने नुसतं नाव सुधारून मोकळे होऊ नका. नाव आणि वर्ष दोन्ही चुकलं असेल तर एकाच वेळी दोन्ही सुधारा. नवं नाव ओळखपत्र समोर ठेवून अक्षर-अक्षर टाइप करा, आणि बटण दाबण्याआधी घरातल्या दुसऱ्या कोणाला वाचायला द्या.

पहिल्या डोसची दोन प्रमाणपत्रं झालेल्यांनीही आधी याच बटणाखाली बघावं. दोन नोंदी एकत्र करण्याचा पर्याय दिसला तर तोच वापरा, दोन्ही रेफरन्स नंबर हाताशी ठेवून. दिसला नाही तर दोन्ही प्रमाणपत्रं आणि ओळखपत्र घेऊन दुसरा डोस घेतलेल्या केंद्रावर जा. तिसरी नोंदणी करून प्रश्न सुटत नाही, वाढतो. आणि दुरुस्तीच्या नादात तिसरा डोस घेणारे महाभागही माझ्या ऐकण्यात आहेत, तसलं काही करू नका.

१५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलचा पास काढायला आणि मॉलमध्ये शिरायला दोन्ही डोस झालेले, वर चौदा दिवस उलटलेले लागत होते, त्यामुळे पहिल्या डोसचं प्रमाणपत्र दाखवून उपयोग नव्हता. गणपतीच्या गर्दीत खरेदीला निघताना अंतिम प्रमाणपत्र आणि ओळखपत्र दोन्ही जवळ हवं होतं.

प्रमाणपत्राचा फोटो स्टेटसला ठेवू नका, त्यावर नाव, वय आणि रेफरन्स नंबर असतो. लस घेतल्याचा आनंद दंडावरची पट्टी दाखवूनही सांगता येतो. घरातल्या मोठ्यांसाठी कागदावर दोन प्रिंट काढा, एक पाकिटात, एक रेशनकार्डाजवळ. पाकिटात ठेवताना घडी क्यूआर कोडवर पडू देऊ नका, चुरगळलेला कोड स्कॅन होत नाही.